ओल्या पडद्याची गोष्ट

होळी झाली की नागपूर, अकोला, अमरावतीच्या बाजारात ताट्या दिसू लागतात. कूलरच्या तीन बाजूंना बसवायच्या या चौकटी. आत वाळा नाहीतर लाकडाचा बारीक कीस दाबून भरलेला, बाहेरून जाळी. विदर्भातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला मात्र ताटी म्हटले की मुक्ताबाईचे ताटीचे अभंग आठवतील. झोपडीचे काड्यांचे दार, आडोसा, पडदा ही ताटी. शब्द तोच आहे आणि वस्तूही फारशी वेगळी नाही. वारा अडवणारी काड्यांची चौकट पाण्याने भिजवली की तिचा कूलर होतो.

आता उलटा प्रश्न विचारू. घरात पडदा कशासाठी लावतात? शोभेसाठी, शेजाऱ्याची नजर अडवण्यासाठी, ऊन अडवण्यासाठी अशी उत्तरे वर्गात लगेच मिळतात. पण पडद्याचा इतिहास पाहिला तर त्याचे मुख्य काम उष्णतेशी निगडित होते असे दिसते. थंड देशांत उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही आणि गरम देशांत ती आत येऊ द्यायची नाही. ही दोन कामे वरवर एकसारखी वाटली तरी त्यांमागचे विज्ञान सारखे नाही, आणि ते उलगडायला बराच काळ लागला.

थंड देशांचे आधी पाहू. युरोपात श्रीमंतांच्या घरातला पलंग ही एक छोटी खोलीच असे. चार खांब, वर छत आणि चारी बाजूंनी जाड पडदे. शेकोटी विझली की दगडी घर रात्री थंडगार पडे. पण शांत झोपलेल्या माणसाचे शरीरही सुमारे ७० वॅट उष्णता बाहेर टाकत असते, म्हणजे आपल्या ओळखीच्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. मोठ्या दालनात तिचा काही उपयोग नाही. पडद्यांनी वेढलेल्या सहा-सात घनमीटर हवेत मात्र ती जाणवते. या पडद्यांना केवढी किंमत होती ते डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये (१८४३) दिसते. स्क्रूज मेल्यावर त्याची मोलकरीण त्याच्या पलंगाचे पडदे कड्यांसकट काढून भंगारवाल्याला विकते!

कापडाने ऊब येते म्हणजे नेमके काय होते? लोकर ‘गरम’ असते, असे आपणही म्हणतो. हा प्रश्न नीट प्रयोग करून सोडवला बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रमफर्ड या गृहस्थाने. हा जन्माने अमेरिकन, पण बव्हेरियाच्या इलेक्टरकडे नोकरीला होता आणि तिथल्या सैन्याच्या गणवेशांची जबाबदारी त्याच्यावर होती. त्याने तापमापकाचा फुगा लोकर, कापूस, रेशीम, पिसे, केसाळ कातडे अशा निरनिराळ्या पदार्थांत गुंडाळून तो किती वेळात थंड होतो ते मोजले. १७९२ साली त्याने निष्कर्ष जाहीर केला. ऊब तंतूंत नसते, तंतूंच्या जाळ्यात अडकून स्तब्ध झालेल्या हवेत असते. हवा उष्णतेची मंद वाहक आहे, पण मोकळी असली की ती हलते आणि उष्णता वाहून नेते. कापड तिला जागेवर धरून ठेवते, इतकेच. (हवा उष्णता मुळीच वाहत नाही असेही रमफर्ड म्हणाला. ते मात्र चूक ठरले.)

यावरून खिडकीच्या पडद्याबद्दल एक गोष्ट लक्षात येते. थंडीच्या रात्री काचेजवळची हवा गार होते, जड होते आणि पडद्यामागून खाली सरकते. पडदा वर आणि खाली उघडा असेल तर खोलीतली गरम हवा वरून आत शिरते आणि खालून गार होऊन बाहेर पडते. म्हणजे पडदा असूनही खोली गार करणारा प्रवाह चालूच राहतो. तो तोडण्यासाठी पडद्याच्या वर लाकडी पेटी बसवत, तीच पेल्मेट. आपल्याकडे फ्लॅटमध्ये पेल्मेट करून घेताना तिचे हे काम कोणाच्या ध्यानीमनीही नसते. मुंबईत त्याची गरजही नाही म्हणा.

पलंगाच्या पडद्यांचे दिवस एकोणिसाव्या शतकात भरले. शेकोटीची धुराडी सुधारली आणि कोंदट हवेची भीती वाढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात पडद्यांचा पलंग आजाऱ्यालाच काय, धडधाकट माणसालाही चालणार नाही असे बजावले. आम्हाला तिचे म्हणणे पटते. बंदिस्त हवा ऊब देते खरी, पण श्वासातून बाहेर पडलेले सगळे तिथेच कोंडूनही ठेवते.

पडदा उष्णता आणखी एका वाटेनेही अडवतो. लंडनमध्ये विल्यम चार्ल्स वेल्स नावाचा डॉक्टर होता. दव कसे पडते याचा त्याला ध्यास लागला होता. निरभ्र रात्री त्याने गवतात चार काठ्या रोवल्या आणि जमिनीपासून सहा इंचांवर एक पातळ रुमाल ताणून बांधला. रुमालाखालचे गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा कित्येक अंशांनी उबदार राहिले. एवढ्याशा रुमालाने वारा अडत नव्हता, त्याला बाजूही नव्हत्या. तो अडवत होता गवताकडून आकाशाकडे जाणारे उष्णतेचे प्रारण. १८१४ साली वेल्सचा दवावरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि रॉयल सोसायटीने त्याला पदक दिले. ते पदक रमफर्डनेच देणगी देऊन सुरू केलेले होते, हा एक सुंदर योगायोग.

या निबंधात वेल्सने एक कबुली दिली आहे. माळी कोवळ्या रोपांवर पातळ चटया पसरतात हे पाहून तो पूर्वी हसत असे. एवढ्या पातळ चटईने आतली आणि बाहेरची हवा वेगळी कशी राहणार, असे त्याला वाटे. कारण समजल्यावर आपले हसणे अर्ध्या ज्ञानाच्या ताठ्यातून आले होते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. त्याच निबंधात बंगालमधल्या बर्फाचीही चर्चा आहे. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्याच्या रात्री उसाची चिपाडे, कडबा पसरलेल्या खड्ड्यांत मातीच्या उथळ परळांतून पाणी ठेवत आणि सकाळी त्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. सर रॉबर्ट बार्करने १७७५ साली हे लंडनला कळवले होते. त्याचे श्रेय बाष्पीभवनाला दिले जाई. वेल्सने दाखवले की त्यातला मोठा वाटा आकाशाकडे जाणाऱ्या प्रारणाचा आहे.

आता गरम देशांत येऊ.

उन्हाळ्यात पडदा काय करू शकतो? काचेच्या आतल्या बाजूचा जाड पडदा ऊन अडवतो, पण उशिरा. ऊन काचेतून आत आलेले असते, पडदा तापतो आणि त्याची उष्णता आता काचेबाहेर सहजी जात नाही. म्हणून बाहेरून सोडलेला बांबूचा चिक किंवा ओसरीवरचे गोणपाट आतल्या भारी पडद्यापेक्षा अधिक कामाचे. पण बाहेरची हवाच ४३ अंश सेल्सिअस असेल तर कोरड्या पडद्याची मजल इथेच संपते. हवा अडवून ती गार होत नाही.

अबुल फजलच्या ‘ऐने अकबरी’त (सोळाव्या शतकाची अखेर) पाणी गार करण्याच्या युक्त्या सांगताना खस या थंड, सुवासिक मुळीचा उल्लेख येतो. बादशहाने बांबूच्या चौकटींची घरे करवून त्यांत ही मुळी भरवली. तिच्यावर पाणी टाकले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असे तो सांगतो. खस म्हणजे आपला वाळा, संस्कृतातला उशीर. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात शकुंतलेच्या तापावर लेप नेला जातो तो उशीराचाच. तेव्हा वाळ्याचा थंडावा या देशाला अकबराआधी हजारभर वर्षे तरी ठाऊक होता. सगळ्या शोधांचे श्रेय धन्याला देण्याची अबुल फजलची पद्धत लक्षात घेता, ही युक्ती बादशहाची की दरबारातल्या एखाद्या अनाम कारागिराची, याबद्दल आम्हाला शंका आहे.

पुढे औरंगजेबाच्या काळात फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य दिल्लीत राहत होता. गासेंदी या नामांकित तत्त्वज्ञाचा तो शिष्य. त्यामुळे त्याचे निरीक्षण नेमके आहे. १६६३ साली दिल्लीहून लिहिलेल्या पत्रात तो चांगल्या घराची लक्षणे सांगतो. त्यात सुवासिक मुळांच्या छोट्या खोल्या, म्हणजे खसखाने, येतात. ते बागेच्या मधोमध, पाण्याच्या हौदाजवळ बांधत, म्हणजे नोकरांना कातडी पखालींतून पाणी आणून ते बाहेरून भिजवणे सोपे जाई.

बाहेरून, हा शब्द महत्त्वाचा. वारा ओल्या मुळ्यांच्या जाळ्यातून आत येतो. त्या प्रवासात पाण्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हवेतून काढून घेतली जाते. ही गोष्ट युरोपातल्या शास्त्रज्ञांच्या हाती लागली ती त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. बेंजामिन फ्रँकलिनने १७५८ सालच्या एका पत्रात केंब्रिजमधला प्रयोग सांगितला आहे. हॅडली या मित्राबरोबर त्याने तापमापकाचा फुगा ईथरने पुन्हा पुन्हा भिजवला आणि भात्याने वारा घातला. खोली १८ अंश सेल्सिअसला होती (आकडे आम्ही सेल्सिअसमध्ये दिले आहेत). पारा उणे १४ पर्यंत उतरला आणि फुग्यावर पाव इंच बर्फ जमले. उन्हाळ्याच्या दिवसातही माणूस गोठवून मारता येईल, असा शेरा फ्रँकलिनने मारला आहे. त्याच पत्रात १७५० सालच्या एका भयंकर गरम रविवारची हकिकत आहे. सावलीत पारा शंभर फॅरनहाइटवर, अंगात घामाने भिजलेला सदरा, खिडक्या उघड्या. तरीही शरीर हवेइतके तापले नाही, हे त्याच्या लक्षात आले. पाठोपाठ ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकने अप्रकट उष्म्याची कल्पना मांडली आणि हिशेबाला पाया मिळाला.

तो हिशेब आपणही करू. फळ्यावर करण्याजोगा आहे. तीसेक अंश तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. उन्हाळ्यातली एक घनमीटर हवा सुमारे १.१ किलोग्रॅम भरते आणि ती एक अंशाने गार करायला सुमारे २६० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे एक घनमीटर हवेत एक ग्रॅम पाणी मुरले की हवा दोन अंशांहून थोडी अधिक गार होते. आता दोन चौरस मीटरच्या दाराला वाळ्याची टट्टी लावली आहे आणि सेकंदाला पाव मीटर अशा संथ वेगाने वारा आत येतो आहे असे धरा. सेकंदाला अर्धा घनमीटर हवा झाली. ती १२ अंशांनी गार करायची तर तासाला सुमारे दहा लिटर पाणी उडाले पाहिजे. यातून मिळणारा गारवा जवळपास ६.६ किलोवॅट इतका, म्हणजे दोन टनी एअर कंडिशनरच्या तोडीचा! आणि खर्च? दहा लिटर पाणी आणि एक माणूस.

हा माणूस म्हणजे भिस्ती. मशकीत तीस लिटर पाणी मावते असे धरले तर दिवसाच्या आठ तासांत एका दारासाठी जवळपास तीन मशकी नुसत्या हवेत उडून जाणार, आणि खाली निथळणारे पाणी त्याशिवाय. घराला अशी चार-सहा दारे. विहिरीवरून हे पाणी भर उन्हात कोणी वाहिले, याचा विचार खसच्या सुवासाचे वर्णन करणाऱ्यांनी क्वचितच केला आहे.

इंग्रजांनी टट्टी जशीच्या तशी उचलली. त्यांच्या भाषेतही तो शब्द गेला. (हिंदीत याच शब्दाला आज शौचाचा अर्थ आहे, कारण त्यासाठी आडोशाला जायचे तेही टट्टीच्याच आड. वर्गात हसू पिकले तर पिकू द्यावे, शब्दांचा इतिहास असाच शिकवायचा असतो.) पण टट्टीची एक अडचण होती. वारा असेल तरच ती चाले. पश्चिमेची लू वाहत असेपर्यंत घर गार, वारा पडला की ओली टट्टी नुसतीच दमट. यावर १८३०च्या सुमारास एक यंत्र आले, थर्मँटिडोट. अलाहाबादला राहणाऱ्या फॅनी पार्क्सने १८५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. मोठी लाकडी पेटी, आत पात्यांचे चाक, दोन्ही बाजूंना वाळ्याच्या टट्ट्या, त्यांवर वरून ठिबकणारे पाणी आणि चाक फिरवायला मजूर. पेटीचे तोंड खिडकीतून आत. आजच्या कूलरमध्ये मजुराच्या जागी मोटर आणि भिस्तीच्या जागी पंप आला. बाकी यंत्र तेच.

टट्टीच्या जोडीला छताला टांगलेला कापडी पंखा होता. तोही एक पडदाच, हलता. तो दोरीने ओढणारा पंखेवाला बाहेर व्हरांड्यात, म्हणजे तापलेल्या हवेत बसे. रात्री त्याला डुलकी लागली की आत साहेबाची झोप मोडे. अशा वेळी मारलेल्या लाथेने पंखेवाला मेला, असे खटले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक झाले. बचाव बहुधा ठरलेला असे. हिवतापाने त्याची पाणथरी वाढलेली होती, ती फुटली, एरवी मार साधाच होता. आरोपी थोड्या दंडावर सुटत. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’मधल्या (१९२४) न्यायालयाच्या प्रसंगात पंखेवाला उगीच आलेला नाही. विजेच्या पंख्याचा इतिहास लिहिताना गारवा कोणाला मिळाला आणि तो कोणी पुरवला, ही दोन्ही पाने लिहायला हवीत.

आता एक प्रश्न, जो आम्हाला कोकणातल्या शिक्षकांकडून नेहमी येतो. आमच्याकडे ओला पडदा लावला तर का चालत नाही? याचे उत्तर ओल्या फुग्याच्या तापमापकात आहे. फुग्याला ओली मलमल गुंडाळून वारा घातला की तो जितका खाली उतरतो, त्याखाली कोणताही ओला पडदा हवेला नेऊ शकत नाही. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला फुगा २२ अंशांच्या आसपास थांबतो. पूर्ण २१ अंशांचा वाव! बरी टट्टी यातला साठ टक्के वाव वापरते, म्हणजे हवा तीसेक अंशांवर येते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ओला फुगा २८ वर थांबतो. वाव पाच अंशांचाही नाही. वर खोली दमट झाल्याने अंगावरचा घाम सुकत नाही तो वेगळाच. तापमान कमी असूनही मुंबईकर कासावीस होतो, याचेही कारण तेच.

हा ओला फुगा आता नुसता हवामानशास्त्राचा विषय राहिलेला नाही. घाम सुकला नाही तर शरीराची उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंश झाले तर सावलीत, पंख्याखाली बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तगणार नाही, असे शेरवुड आणि ह्यूबर यांनी २०१० साली मांडले. त्यानंतर अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगांत (२०२२) ही मर्यादा प्रत्यक्षात त्याहून खाली, ३० ते ३१ अंशांच्या आसपास, निघाली. त्याच २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. नेहमीच्या मानाने त्या महिन्यात १३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी तोंड देण्याचा आराखडा केला, तो या धक्क्यानंतरच.

पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मुलांसाठी ओला पडदा हा स्वस्त उपाय आहे, पण तो योग्य जागी वापरला तरच. आमच्या पाहण्यात दोन चुका नेहमी येतात. पहिली, ओले गोणपाट लावून बाकीच्या खिडक्या घट्ट बंद करणे. मग हवा आतच फिरते, तासाभरात आर्द्रतेने भरते आणि गारवा थांबतो. वाऱ्याच्या बाजूला ओला पडदा आणि समोरची खिडकी उघडी, अशीच रचना हवी. कूलरही याच कारणासाठी खिडकीत, बाहेरच्या हवेवर चालवायचा, खोलीच्या मधोमध नव्हे. दुसरी चूक पाण्याची. कूलरच्या टाकीत साचलेले पाणी आठवडाभर बदलले नाही तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास तिथेच होते. आणि जिथे मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे तासाला दहा लिटर हा हिशेब फळ्यावर सोपा असला तरी घरात सोपा नाही. तिथे आधी बाहेरचा चिक, छपरावर गवत किंवा पांढरा चुना, आणि मग उरलेल्या पाण्यात पडदा.

हे सगळे मुलांना सांगण्याऐवजी मोजून घेता येईल. प्रयोगशाळेतले सारखे दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही सावलीत टांगा, पुठ्ठ्याने मिनिट-दोन मिनिटे वारा घाला आणि आकडे लिहा. सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता. मार्चपासून सुरुवात करून शाळा असेपर्यंत हे चालू ठेवा आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पुन्हा घ्या. दोन पाऱ्यांमधले अंतर आलेखावर मांडले की एप्रिलमध्ये ते रुंदावत जाईल आणि पहिल्या पावसानंतर एकदम मिटेल. विदर्भातल्या आणि कोकणातल्या दोन शाळांनी हे आकडे पत्राने एकमेकींना पाठवले, तर कोणत्या गावात कोणत्या महिन्यात ताटी लावावी आणि कधी काढून ठेवावी, ते मुलेच सांगतील.